मागच्या सीटवरचं शून्य

मला गाडी लागते. लहानपणापासून लागते. माहेरी सहलीला निघताना माझ्या हातात आधी रिकामी पिशवी द्यायचे आणि मग खाऊ. लग्नानंतरच्या पहिल्याच प्रवासात मी सासऱ्यांच्या नव्या बुटांवर ओकले. ती गोष्ट सासरी अजून चार माणसं जमली की सांगितली जाते आणि दर वेळी बूट आधीपेक्षा महाग होतात. या दोषापायी मला कधी नोकरी मिळेल असं कुणी म्हटलं असतं, तर मी चेष्टाच समजले असते.

आमचं काम गाड्या तपासण्याचं. कारखाने नवी गाडी विकायला काढण्याआधी आमच्याकडे पाठवतात. वस्तीपासून दूर आमचा स्वतःचा रस्ता आहे. त्यात एक लांब सरळ पट्टा, एक मोठा गोल आणि पाठोपाठ डावी-उजवी अशी सात वळणं. मी आधी इथे फायली लावायचे. एकदा मागे बसायला कुणी नव्हतं म्हणून मॅडमनी मला बसवलं. मॅडम म्हणजे आमच्या मुख्य इंजिनिअर. गाडीतून उतरून मी त्यांना सांगितलं की चौथ्या वळणाला पोट एकदा डावीकडे गेलं आणि मग कुणीतरी ढकलल्यासारखं आणखी एकदा गेलं. दुसऱ्या दिवशी यंत्राच्या आलेखात तिथेच दोन उंचवटे सापडले. त्यानंतर नऊ वर्षं मी मागच्या सीटवर आहे. गाडी किती अंश कलली ते यंत्र सांगतं. त्याने माणसाला काय होतं ते माझं पोट सांगतं.

बसायची पद्धत ठरलेली. माझ्या डोळ्यांवर काळी पट्टी बांधतात, म्हणजे वळण दिसून अंग आधीच सावरत नाही. प्रत्येक वळणानंतर मी बोटं वर करायची. मूठ म्हणजे काहीच जाणवलं नाही, पाच बोटं म्हणजे गाडी थांबवा. मॅडम पुढे बसून आकडा लिहितात. ही बोटांची पद्धत माझ्यामुळेच पडली. सकाळी उठल्यापासून दहा वाजेपर्यंत मी बोलत नाही. अकरा वर्षांचा नेम आहे, कशासाठी धरला ते ज्याच्यासाठी धरला त्याला ठाऊक. आणि चाचण्या सकाळीच होतात, वारा पडलेला असताना. पहिल्या वर्षी मॅडम वैतागल्या, नंतर त्यांनाच ते सोयीचं वाटू लागलं. "बोटं लांबण लावत नाहीत," त्या म्हणायच्या.

गाडी मामा चालवायचे. ते कुणाचे मामा होते कोण जाणे, पण फाटकावरच्या पहारेकऱ्यापासून मॅडमपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत. अठ्ठावन्न वर्षांचे, कोरडे, किडकिडीत. वेगाच्या रस्त्यावर त्यांच्याइतकी वर्षं कुणीच काढलेली नव्हती. फेरी संपली की ते गाडीबद्दल एक वाक्य बोलत आणि मॅडम ते जसंच्या तसं लिहून घेत. ते वाक्य आणि माझी बोटं यांचा मेळ नऊ वर्षांत एकदाही चुकला नव्हता.

यंदा आमच्याकडे एक मोठी गाडी आली. उंच, रुंद, वजन अडीच टन, आत घरच्यापेक्षा मऊ कातडी सीट, आणि इतक्या मोठ्या अंगाला न शोभणारा वेग. बनवणाऱ्यांचा दावा होता की ही वळणात स्पोर्ट्स कारसारखी वागते. ताडून बघायला आम्ही आमची जुनी स्पोर्ट्स कार बाहेर काढली. ती बुटकी, जमिनीला टेकलेली, मागची सीट नावापुरती. तिथे मावते अशी इथे मी एकटीच. मामांनी पहिल्याच दिवशी मोठीला थोरली आणि छोटीला धाकटी अशी नावं ठेवली.

"धाकटीत मी रस्त्यावर बसतो," ते म्हणाले. "थोरलीत रस्त्यावर बांधलेल्या माडीवर."

"माडी हलते का तेवढं सांगा," मॅडम म्हणाल्या.

"हलत नाही, तेच तर नवल आहे. पोटात मोटर बसवलीय तिच्या. कलायला लागली की मोटर तिला दंडाला धरून सरळ करते. धाकटीला कुणी धरावं लागत नाही, ती मुळातच बुटकी."

पहिल्या आठवड्यात गाडी बनवणाऱ्यांकडची चार माणसं बघायला आली. त्यांना दाखवायला म्हणून नुसती एक फेरी मारली, मोजणी नव्हती. चौघं कडेला उभी असताना थोरली सातव्या वळणातून बाहेर आली आणि मी त्या मऊ, दुधी रंगाच्या सीटवर ओकले. पट्टी काढली तेव्हा दार उघडं होतं आणि चौघंही बघत होती. त्यांतल्या एकाने रुमाल काढला, तो स्वतःच्या नाकाला लावण्यासाठी. आमचे फोरमन साफ करायला आले आणि हळूच म्हणाले, "ताई, घराच्या किमतीची गाडी आहे. पुढच्या वेळी जरा स्वस्तातली निवडा." त्यांना मला हसवायचं होतं. मी हसले नाही. नऊ वर्षांत मी पुष्कळदा ओकले होते, ते माझं कामच. पण त्या चार परक्या माणसांसमोर पदराने तोंड पुसताना मला माहेरची ती पिशवी आठवली.

मोजणीच्या दिवशी तीच चौघं येणार होती. आदल्या आठवड्यात नणंद राहून गेली होती आणि तिची गाडी लागण्यावरची गोळ्यांची पट्टी फडताळात राहिली होती. त्या सकाळी देवापुढे दिवा लावला, वाचन झालं, आणि मी एक गोळी घेतली. एकच. गोळीने काय होतं ते मला कुणी शिकवायला नको होतं. कानातलं तोल सांभाळणारं यंत्र तिने झोपतं. म्हणून तर आमच्या चाचणीआधीच्या अर्जात सातवा प्रश्न आहे: मागच्या चोवीस तासांत चक्कर, मळमळ किंवा झोपेचं औषध घेतलं आहे का?

अर्ज मॅडम वाचून दाखवतात, मी मान हलवते, त्या खुणा करतात. झोप झाली का, ताप आहे का. सातव्यापर्यंत आल्या आणि त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. नऊ वर्षं उत्तर एकच होतं. तोंडाने प्रश्न पुटपुटत त्यांनी 'नाही'पुढे खूण केली आणि आठव्यावर गेल्या. मी मान हलवली नाही. होकाराला नाही, नकारालाही नाही. मी खोटं बोलले नाही, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

फेरी झाली. डोळ्यांवर पट्टी होती आणि थोरली पाळण्यासारखी चालली होती. पहिलं वळण, मूठ. दुसरं, मूठ. चौथ्याला मामांच्या तोंडून "हं" असं काहीतरी निघालं. मला काही जाणवलं नाही. मूठ. सातव्यापर्यंत मूठच. उतरले तेव्हा माझी साडी चापूनचोपून होती आणि चौघांपैकी रुमालवाला मला बघून कौतुकाने मान डोलावत होता. ते कौतुक मला बरं वाटलं. हे लिहिताना सगळ्यात जड जातंय ते हेच, की मला बरं वाटलं.

पाहुणे गेले आणि साडेनऊला मॅडमच्या खोलीत बैठक बसली. आम्ही चौघंच. मॅडम, फोरमन, मामा आणि मी.

"वेग धाकटीच्या तोडीस तोड," मॅडम कागद वाचत होत्या. "कल दोन अंशांच्या आत. मामा, तुमचं वाक्य."

"चौथ्या वळणाला थोरली उशिरा येते."

"म्हणजे?"

"एका वळणात ती धाकटीइतकीच सरळ. तिथे माझी तक्रार नाही. पण तिसरं डावं संपून लगेच चौथं उजवं लागतं ना, तिथे तिची मोटर अजून आधीचाच दंड धरून बसलेली असते. तो सोडून दुसरा धरेपर्यंत चाकं वळलेली असतात, अंग मागे राहतं. मग अंग येतं, एकदम. धाकटी वळते तेव्हा सगळी एकत्र वळते. ही आधी पायांनी वळते आणि मग आठवण आल्यासारखी अंगाने."

"यंत्रात अंश बरोबर आहेत."

"अंश बरोबरच असतील. वेळ चुकतेय. ओल्या रस्त्यावर असं अंग उशिरा आलं तर साधा माणूस घाबरून स्टिअरिंग ओढेल. अडीच टन आहे हो ते."

मॅडमनी माझा कागद पुढे सरकवला. "मामा, ताईंनी शून्य दिलंय. चौथ्यालासुद्धा."

मामांनी कागद घेतला. सातही शून्यं नीट बघितली, बोट ठेवून. मग माझ्याकडे बघितलं, रागाने नाही, खात्री करून घ्यावी तसं. "ताई, चौथ्याला काहीच नाही?"

भिंतीवरच्या घड्याळात नऊ पन्नास झाले होते. मी हात जोडले आणि घड्याळाकडे बघितलं. सगळ्यांना अर्थ कळला. ताईंचं मौन आहे.

"नका हो त्यांना बोलायला लावू," मामाच म्हणाले. "कागद आहे की समोर. ताईंचं पोट खोटं बोलत नाही." कागद परत ठेवत म्हणाले, "मग माझंच काही बिघडलं असेल. वय झालं. मॅडम, माझे कान तपासून घ्या."

"अहो, लगेच काय कान," फोरमन म्हणाले. "बायको ओरडते तेव्हा ऐकू येतं ना?"

"ते ऐकू यायला कान लागत नाहीत," मामा म्हणाले, आणि सगळे हसले. मीसुद्धा ओठ मिटून हसल्यासारखं केलं. दहा मिनिटांनी दहा वाजले. मी फायलींच्या खोलीत होते आणि माझं तोंड मोकळं होतं.

मामांनी आग्रह धरून कान तपासून घेतले. डॉक्टरांनी लिहिलं, वयाच्या मानाने ठीक. चांगले असं लिहिलं असतं किंवा वाईट असं, तर काहीतरी ठरलं असतं. वयाच्या मानाने म्हटल्यावर मॅडमना नियमाप्रमाणे त्यांना वेगाच्या रस्त्यावरून उतरवावं लागलं. निर्णय होईपर्यंत मामा आवारात. धुतलेल्या गाड्या शेडमधून काढायच्या आणि ओळीत लावायच्या. थोरलीचा अहवाल पुढच्या आठवड्यात जायचा होता, माझ्या सात शून्यांसकट. मामांचं वाक्य त्यात असणार नव्हतं.

पहिल्या दिवशी मी म्हटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी मॅडम बाहेरगावी होत्या. तिसऱ्या दिवशी त्या परत आल्या, आणि मी मला काही काम आहे असं दाखवत त्यांच्या दारावरून दोनदा गेले.

चौथ्या दिवशी दुपारी जेवणानंतर मी हात धुवायला निघाले, तर पाण्याच्या नळांजवळच्या बोळात मामा उभे होते. डोळे मिटलेले, एक पाय उचललेला, दोन बोटं भिंतीला जेमतेम टेकवलेली. माझी चाहूल लागली तरी डोळे उघडले नाहीत.

"कोण?"

"मी, मामा."

"बरं झालं तुम्हीच आलात. ताई, खरं सांगा, मी वाकडा उभा आहे का?"

ते सरळ उभे होते. ओळंबा लावावा इतके सरळ.

"नाही, मामा."

"मला वाटतंय डावीकडे झुकलोय." त्यांनी पाय खाली ठेवला आणि डोळे उघडले. "आता घरी जिना उतरतानासुद्धा कठडा धरतो मी. आधी नव्हतं हो असं. किंवा असेल, मला कळलं नसेल. तुम्हाला तिथे काहीच लागलं नाही आणि मला लागलं, म्हणजे किती दिवसांपासून मला नसलेलं लागत असेल. किती गाड्यांबद्दल मी काय काय बोललो असेन."

ते दुपारचे दोन होते. माझ्यापाशी मौन नव्हतं. मी नळ सोडला आणि हात धूत राहिले, स्वच्छ झाल्यावरही, कितीतरी वेळ.

त्या संध्याकाळी मी नवऱ्याला सांगितलं. ते भाजी निवडत बसले होते. गोळी, सातवा प्रश्न, बैठक, बोळ, सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्यांनी निवडलेली पानं एकीकडे केली, काड्या एकीकडे.

"नोकरी जाईल का माझी?" मी विचारलं.

"जाईल कदाचित." मग पुढची जुडी सोडत म्हणाले, "तुझं मौन दहाला सुटतं ना गं?"

"हो."

"मग हे कोणतं?"

ते टाकून बोलणारे नाहीत. म्हणूनच ते लागलं. रात्री देवापुढे बसले, पण माळ हातात घेववली नाही. त्याच्यासाठी म्हणून जी गप्प राहण्याची सवय केली होती, तिच्या आड मी जाऊन बसले होते. पडदा त्याचा आणि लपलेली मी. त्याला हे मौन किती वर्षं नकोसं झालं असेल, असा विचार मनात आला आणि मी उठले.

दुसऱ्या दिवशी दहा वाजून एक मिनिटाने मॅडमच्या खोलीत गेले. बसायला सांगितलं तरी बसले नाही. त्यांनी ऐकलं, कपाट उघडलं, अर्ज काढला आणि सातव्या प्रश्नापुढची खूण बघत राहिल्या.

"ही खूण माझ्या हातची आहे," त्या म्हणाल्या.

"तुमची चूक नाही, मॅडम. मी हात धरायला हवा होता."

"मी वर बघायला हवं होतं." त्यांचा आवाज कोरडा होता. "तुमच्याबद्दल काय ते नंतर ठरवू. अहवाल थांबवते. उद्या पुन्हा फेरी. चालवायला मामाच." मी दाराकडे वळले तेव्हा त्या म्हणाल्या, "मामांना मी सांगणार नाही. ते तुम्ही सांगायचं."

मामा शेडमध्ये होते. धुतलेल्या गाडीचे आरसे पुसत होते. मी उभ्या उभ्या सांगितलं. वाक्यं मनात जुळवून गेले होते, ती एकही कामाला आली नाही. "मी गोळी घेतली होती, मामा. मला काही कळतच नव्हतं. तुमचं बरोबर होतं." एवढंच आलं.

मला वाटलं होतं ते चिडतील. चिडले असते तर मी ते झेललं असतं. त्यांनी फडकं पिळलं, बादलीच्या कडेवर वाळत घातलं.

"कोणती गोळी?"

मी नाव सांगितलं.

"माझी सून घेते तीच. फार झोप येते म्हणते." ते आरशात बघत होते, माझ्याकडे नाही. "म्हणजे थोरली खरंच उशिरा येते."

"हो."

"की तुम्हाला माझी दया आली?"

याचं उत्तर मी दिलं, शपथेवर दिलं, पण ते त्यांच्यापर्यंत पोचलं की नाही मला कळलं नाही. नऊ वर्षं जे पोट खोटं बोलत नव्हतं ते एकदा बोललं होतं. आता त्याच्या खऱ्याला काय किंमत होती.

दुसऱ्या दिवशी फेरी लागली. सातवा प्रश्न मॅडमनी मोठ्याने वाचला आणि माझ्या डोळ्यांत बघत थांबल्या. मी नाही म्हणून मान हलवली. थोरलीने पहिली तीन वळणं गोडीत घेतली. चौथ्याला चाकं उजवीकडे गेली, माझं पोट डावीकडेच राहिलं, आणि मग ते सगळं वजन एकदम अंगावर आलं. मी चार बोटं वर केली. घशाशी आंबट आलं होतं.

गाडी हळू झाली. चाचणीत गाडी अशी मध्येच हळू होत नाही.

"किती?" मामांनी विचारलं.

"मामा, चालवणाऱ्याने विचारायचं नसतं," मॅडम म्हणाल्या.

"हो, हो. चुकलं."

सातव्यानंतर ते वाक्य बोलले नाहीत. मॅडम पेन धरून थांबल्या होत्या. "ताईंनी काय दिलंय ते बघून सांगतो," मामा म्हणाले. मॅडमनी पेन मिटलं. मग धाकटी काढली. तिला तर मामा पंधरा वर्षं ओळखत होते. ती हाडं मोजते, पण पोटाला हात लावत नाही. तिनेही चौथं वळण घेतलं, सगळी एकत्र, खिळ्यावर फिरल्यासारखी. मी मूठ धरली. तरी पुढून आवाज आला, "हिच्यात काही नाही ना?"

मॅडम त्यांना म्हणाल्या की अहवालासाठी आपण दुसऱ्या कुणाला चालवायला घेऊ, तुम्ही आधी सावकाश सावरा. त्या मायेने म्हणाल्या. मामांनी चावी काढून त्यांच्या हातात दिली, लगेच, जणू ती मागितली जायची वाटच बघत होते.

दहा वाजले. मी मॅडमना म्हटलं, "आज दुपारी रस्ता मोकळा आहे. थोरली आम्हा दोघांना द्याल? अहवालासाठी नको. नुसती."

 मॅडमनी चावी माझ्यापुढे टेबलावर ठेवली.

दुपारी मी मागे बसले नाही. मामांच्या शेजारी बसले, पट्टी मात्र बांधली. ठरलं ते असं, की प्रत्येक वळणानंतर आधी मामांनी आकडा बोलायचा, मग मी. पहिल्या फेरीत ते माझ्यासाठी थांबले. मी बोलले नाही. ते आणखी थांबले तरी नाही, मग त्यांना बोलावं लागलं. दुसऱ्या फेरीला मी ओकले, या वेळी पिशवीत. ते म्हणाले बास करू, मी म्हटलं नको. तिसरी झाली, चौथी झाली. पहिल्या-दुसऱ्या वळणांचे आकडे जुळू लागले, शून्य आणि शून्य, एक आणि एक. चौथं आलं की मात्र ते गप्प होत आणि चाचपडत काहीतरी बोलत. दोन. मग दीड. मग पुन्हा दोन.

सहाव्या फेरीला चौथं वळण गेलं आणि ते न थांबता म्हणाले, "तीन."

आवाजात जुनं काहीतरी होतं. मला चार लागलं होतं, स्पष्ट, पोटाच्या तळापर्यंत. तीन म्हणावं असं मला इतकं वाटलं की मी ओठ उघडले ते तीन म्हणण्यासाठीच.

"चार," मी म्हटलं.

पुढची तीन वळणं आकड्यांविनाच गेली. सरळ पट्ट्यावर टायरांचा आवाज तेवढा येत होता. पट्टीखाली माझे डोळे जळत होते. मग गिअर बदलला आणि गाडीने पुन्हा वेग घेतला.

"चार कसं ते नीट सांगा," मामा म्हणाले. "मला नाही पटत. परत घेतो."